सायकलीचा जुना रंग

माळ्यावरची किंवा गोठ्यातली जुनी सायकल बाहेर काढली की घरात पहिली चर्चा रंगाची होते. काळाच द्यायचा की हिरवा, क्रोम पुन्हा चढवून आणायचं का, मडगार्डवर सोनेरी पट्टा मारायचा का. माझं म्हणणं असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा आणि बहुतेक सायकलींच्या बाबतीत तो येऊच नये. सायकलीत दोन जातींचे भाग असतात. छर्रे, कोन, वाट्या, चेन, ब्रेकचे रबर, टायर-ट्यूब, कॉटर पिना हे मुळात झिजण्यासाठीच केलेले. बनवणाऱ्यानेच ते सुटे आणि स्वस्त ठेवले, म्हणजे झिजले की बदलता यावेत. फ्रेम, तिच्यावरचा भट्टीत भाजलेला रंग, हेडवरचा पितळी बिल्ला, क्रँकवरचे ठसे, हबवरची अक्षरं हे दुसऱ्या जातीचे, आणि त्यांची जास्तीत जास्त झीज आपल्याच हातून होते. पहिले भाग बिनदिक्कत बदलावेत, दुसऱ्यांना पुसण्या-तेलावण्यापलीकडे हात लावू नये. घरोघरी मात्र याच्या नेमकं उलट चालतं. फ्रेम खरवडून चकचकीत होते आणि आत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे खड्डे पडलेले छर्रे तसेच कुरकुरत राहतात.

कोणत्या सायकलीबद्दल बोलतो आहे ते आधी सांगायला हवं. हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवसारख्या कयाधूकाठच्या गावात ‘जुनी सायकल’ म्हटलं की एकच रूप डोळ्यांपुढे येतं: २८ इंची चाकं, दीड इंची टायर, पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा, दांड्याचे ब्रेक, स्प्रिंगांची चामडी सीट, दुधाची कॅन किंवा गवताचा भारा पेलणारं कॅरिअर. जुन्या सायकलींच्या परदेशी पुस्तकांत दिसते ती फुगीर टायरची अमेरिकन सायकल. शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ साली २६ इंची चाकावर सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचं टायर आणलं आणि तिकडे सायकलीची घडणच बदलली. तिचे फोटो पाहून आपल्या काळ्या सायकलीलाही तसे टायर बसवायची हौस अनेकांना होते. ती हौस मापावर टिकत नाही. आपल्या रिंगवर टायर बसतं तो व्यास ६३५ मिलिमीटर, फुगीर टायरचा ५५९. चाक बदललं की रिंग सगळीकडून ३८ मिलिमीटर आत सरकते आणि दांड्याच्या ब्रेकचा रबर रिंगऐवजी टायरच्या अंगाला येतो. मग ब्रेक काढा, चिमटा बदला, आणि शेवटी हाती उरते एक तिसरीच सायकल. शिवाय धक्के झेलण्याचं जे काम तिकडे फुगीर टायर करत होतं ते इथे मोठं चाक, मागे कललेली फ्रेम आणि सीटच्या स्प्रिंगा मिळून करतच होत्या. टायर आणि मडगार्डमधली ऐसपैस जागाही फुकट सोडलेली नाही. पावसाळ्यात काळ्या रानातून सायकल ढकलत नेलेल्याला ती जागा कशासाठी आहे हे सांगावं लागत नाही.

रंग का राखायचा, याचं माझं मुख्य कारण सौंदर्याचं नाही, पुराव्याचं आहे. हिंगोलीचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली. याच काळात सायकलीचीही मायभूमी बदलत गेली. आधी नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची बीएसए आणि हर्क्युलिस. स्वातंत्र्यानंतर आसनसोलची सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआयची हर्क्युलिस, सोनिपतची ॲटलास आणि १९५६ पासून लुधियानाची हिरो. नरसीच्या संत नामदेवांनी पंजाबातल्या घुमानपर्यंत मजल मारली आणि काही शतकांनी त्याच पंजाबातून इथल्या वाटांवर सायकली आल्या, हा योगायोग मला फार प्रिय आहे. खेड्यातली जुनी सायकल बहुधा या सगळ्या गावांची मिळून असते. फ्रेम इंग्लंडची, मागचा हब आसनसोलचा, पायडल लुधियानाचं. कोणता भाग कुठून आला आणि साधारण केव्हा आला, हे फक्त ठशांवरून कळतं. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबवर तर बहुतेक वेळा सालाचे शेवटचे दोन आकडे सरळ कोरलेले सापडतात.

हे ठसे किती उथळ असतात ते नखाने चाचपून पाहावं. पुन्हा क्रोम चढवायचं तर आधीचा थर उतरवून धातू बफवर घासावा लागतो, आणि त्या घासण्यात अक्षरं पहिल्यांदा जातात. पावडर कोटिंगचा थर ६० ते १०० मायक्रॉन जाड असतो, तो नंबर बुजवतो. फ्रेमवरची छापील चित्रं आणि हाताने ओढलेली बारीक सोनेरी रेघ पॉलिश पेपरच्या दोन हातांत नाहीशी होतात. नवी रेघ कितीही सुबक मारली तरी ती आजच्या माणसाची असते.

पहिला आक्षेप रास्त आहे: गंज तसाच ठेवला तर तो लोखंड खाणार नाही का? खाईल, पाणी मिळालं तर. हवेतला दमटपणा साधारण साठ टक्क्यांच्या वर गेला की लोखंडाचं गंजणं झपाट्याने वाढतं, त्याखाली ते फार मंद असतं. कोकणातल्या सायकलीबद्दल विचारलंत तर मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. मराठवाड्यात पावसाळा सोडला तर हवा कोरडी. इथे सायकल खाते ती मडगार्डच्या आतल्या बाजूला थापलेली काळी माती, कारण ती पाणी धरून ठेवते. म्हणून पहिलं काम लाकडी पट्टीने ती माती काढणं, आणि नव्वद टक्के बचाव तिथेच होतो. सुट्या, रंग नसलेल्या भागांवरचा लाल गंज ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यात विरघळतो. पण ते विष आहे, हातमोजे घालावेत, भांडं स्वयंपाकातलं नसावं, मुलाबाळांपासून लांब ठेवावं आणि नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने भाग धुऊन लगेच वाळवावा. रंगीत फ्रेम त्यात बुडवू नये. हँडल आणि रिंगच्या क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि क्रोमला ओरखडा येत नाही.

रंग उडालेल्या जागी काय लावायचं, याचं उत्तर आपल्या शेतातच आहे. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि त्याचा पातळ पापुद्रा बनतो. रंगाच्या दुकानात मिळणारं बेलतेल म्हणजे शिजवलेलं जवस तेलच. कापडावर थेंबभर घेऊन फ्रेमवर फिरवायचं, अर्ध्या तासाने कोरड्या कापडाने सगळं पुसून काढायचं आणि दोन दिवस सायकल तशीच ठेवायची. गंजाला पाणी मिळणं थांबतं, रंग खोल दिसतो, एकही अक्षर झाकलं जात नाही. वापरलेली कापडं मात्र पाण्यात भिजवून टाकावीत. गोळा करून कोपऱ्यात फेकली तर ती आपोआप तापून पेटू शकतात. करडईचं तेलही वाळणाऱ्या तेलांच्याच कुळातलं, फक्त सावकाश वाळतं, आणि ते फ्रेमऐवजी चेनला किंवा हबमध्ये घालण्याची चूक पुष्कळ घरांत होते. ज्या गुणाने हे तेल फ्रेमवर पापुद्रा धरतं, त्याच गुणाने ते छर्‍यांभोवती चिकटा होऊन बसतं. आतल्या भागांना ग्रीस, चेनला मशिनचं तेल, उघड्या लोखंडाला बेलतेल, यात गल्लत नको.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. जुनं जपण्याच्या नादात माणूस पडला तर? इथेच माझी विभागणी कामाला येते, कारण माणूस ज्यांच्या भरवशावर बसतो ते जवळपास सगळे भाग झिजणाऱ्या जातीचे आहेत आणि तिथे मला जुन्याची मुळीच माया नाही. मागच्या हबमध्ये दोन्ही बाजूंना पाव इंची नऊ-नऊ छर्रे असतात. ते मोजून नवे घालावेत, कोनाच्या वाटेवर खड्डे दिसले तर कोनही. चाकाचा आऊट काढून घ्यावा आणि ब्रेकचे चारही रबर बदलावेत. ओल्या स्टीलच्या रिंगवर हे ब्रेक कमजोरच असतात, नव्या रबरानेही ते पुरते सुधारत नाहीत. त्याला उपाय पावसात हळू चालवणं हाच. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते क्रँक काढताना. गंजलेल्या कॉटर पिनवर लोक खालून आधार न देता हातोडा मारतात आणि प्रत्येक घाव आतल्या छर्‍यांमार्फत वाटीवर बसून तिथे खड्डा पाडतो. पिनेवर आदल्या रात्री डिझेल सोडावं. सकाळी नट पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतका सैल करावा, क्रँकखाली जमिनीपर्यंत पोचणारा पाइप असा लावावा की पिनेचं दुसरं टोक त्याच्या पोकळीत येईल, आणि मग एकच नेमका ठोका द्यावा. नवी पिन कानशीने घासत घासत बसवावी लागते आणि दोन्ही बाजूंच्या पिना उलट दिशांनी घालाव्या लागतात, नाहीतर दोन्ही पायडलं एका रेषेत येत नाहीत. आट्यांचीही काळजी घ्यावी. क्रँकच्या वाटीला रॅलेचे आटे इंचाला २६, इतर बहुतेक इंग्रजी घडणीच्या सायकलींचे २४. वाटी बसत नाही म्हणून जोराने पिळली की फ्रेमचेच आटे जातात, आणि ती झीज कोणताही सुटा भाग भरून काढत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वात अवघड वाटतो. ही सायकल आधीच दोन-तीनदा रंगवलेली असेल तर जपायचं काय? आणि मुळात गरिबाच्या वाहनाला वस्तुसंग्रहालयातल्या मूर्तीसारखं वागवायचं कशाला? पहिल्या भागाचं उत्तर असं की घरच्या ब्रशने मारलेला ऑइलपेंट हाही त्या सायकलीच्या आयुष्याचाच भाग आहे. हेडजवळ, बिल्ल्याखाली किंवा सीटच्या नळीच्या तोंडाशी मूळ रंग बहुधा शिल्लक असतो, तेवढा सांभाळला तरी पुरे. फ्रेमच्या जोडाला चीर गेली असेल तर पितळेचा झाळ द्यावाच लागेल आणि तिथला रंग जळेल. तिथे, आणि तिथेच, नवा काळा रंग द्यावा. दुसऱ्या भागाचं उत्तर पुण्यात पाहायला मिळतं. तिथे विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय २०१७ पासून उभं आहे, आणि लोक ते मुद्दाम पाहायला जातात. शहरात सायकलीला छप्पर मिळालं. गावातली सायकल किलोच्या भावाने भंगारात जाते, आणि जिला वाचवायचं ठरतं तिचीही ओळख रंगाच्या डब्यात बुडते. गरिबाच्या वाहनाची कागदपत्रं कोणी जपलेली नसतात. त्याची नोंद त्याच्या अंगावरच असते.

घर हेच या कामाला योग्य ठिकाण, असं मला यासाठीच वाटतं. क्रोमची टाकी, वाळूचा फवारा, रंगाची भट्टी यांतलं काही घरात नसतं, म्हणजे ज्यांनी पुरावा पुसला जातो ती साधनं आपोआप लांब राहतात. उरतात पाने, कानस, रॉकेल, फॉइल, बेलतेल आणि वेळ. काढलेले कोन, पिना, चेन एका डब्यात घालून वर तारखेची चिठ्ठी लावावी. नगरपालिकेचा कर भरल्याचा जुना पत्र्याचा बिल्ला हँडलच्या नळीला वळवून लावलेला सापडला, तर तो सरळ करायला जाऊ नये. जुना पत्रा पहिल्या घडीतच मोडतो.