अडीच फुटांची भिंत

तर मंडळी, या मे महिन्यात गावी जाऊन आलो. बुलढाणा जिल्हा, मेहकरपासून थोडं आत. गेलो होतो घर पाडायला. म्हणजे हातात पहार वगैरे घेऊन नाही (अस्मादिकांना लॅपटॉपपेक्षा जड काही उचलायची सवय राहिलेली नाही), पण स्लॅबचे निम्मे पैसे माझे, तेव्हा मुहूर्ताला हजर राहायला हवं असं मोठ्या बाबांचं म्हणणं पडलं. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ.

घर धाब्याचं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर काटक्या आणि पालापाचोळा, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. झालं छत. ही पांढरी माती पावसात भिजली की मिटून बसते आणि पाणी आत येऊ देत नाही. मात्र दर वर्षी मृगाच्या आधी नवीन माती टाकावी लागते. नाही टाकली तर काय होतं ते गेल्या पावसाळ्यात कळलं. मागच्या खोलीतलं एक लाकूड रात्री कडकन मोडलं. तिथे कुणी झोपलेलं नव्हतं हे नशीब. तेव्हाच ठरलं, स्लॅब.

आता यात छोटी कशी आली ते सांगतो. छोटी म्हणजे मोठ्या बाबांची धाकटी. पुण्यात इंटिरियर डिझाइन शिकली, दोन वर्षं एका ऑफिसात काम करते. तिचा मोबाइल म्हणजे जगभरच्या घरांचं प्रदर्शन. जपानमधल्या कागदी भिंती, स्वीडनमधली पांढरीशुभ्र स्वयंपाकघरं, बालीतले बांबूचे जिने. यालाच ती 'इन्स्पिरेशन' म्हणते. नवीन घरासाठी तिने असल्या चाळीसेक फोटोंचा एक बोर्ड बनवून आणला होता आणि मीही मान डोलवायच्या तयारीने गेलो होतो. आपल्याला काय कळतंय त्यातलं!

पहिल्याच दुपारी जेवणं झाली आणि घरातली यच्चयावत माणसं माजघरात आडवी झाली. बाहेर पारा 42 च्या पुढे. शेजारी नवीन स्लॅबचं घर आहे, त्यांची दोन पोरंही उशा घेऊन आमच्याकडे झोपायला आली. रोजच येतात म्हणे. माझा डोळा लागत होता तेवढ्यात छोटीने कोपराने ढोसलं. "दादा, तो उजेड बघ."

माजघराला खिडकी नाही. धाब्याला वीतभर भोक आहे, तेवढाच उजेड. त्याचा एक गोल कवडसा जमिनीवर पडतो आणि दुपारभर हळूहळू सरकत भिंतीवर चढतो. लहानपणी आम्ही त्यात धुळीचे कण पकडायचो. छोटीने खडू आणला आणि दर अर्ध्या तासाने त्या कवडशाभोवती गोल काढत बसली. मग टेप काढून भिंत मोजली. अडीच फूट! मग दिवळ्या मोजल्या. अकरा. एकीत देव, एकीत मोठ्या आईचा आरसा-कुंकू, एकीत कंदील, आणि दाराजवळच्या मोठीत तर एक पोर मांडी घालून बसेल एवढी जागा. (त्यात मी बसायचो.) "आमच्या ऑफिसात असल्या एका कोनाड्यासाठी ड्रायवॉलची खोटी भिंत उभी करतात," ती म्हणाली.

इथे मला एकदम आपल्या धंद्यातलं आठवलं. आपण सगळे 'डिझाइन पॅटर्न्स' शिकलो, 1994 सालचं ते चौघांचं पुस्तक. पण पॅटर्न ही कल्पना त्यांनी घेतली ख्रिस्तोफर अलेक्झांडर नावाच्या वास्तुरचनाकाराकडून. त्याचं आणि त्याच्या सहकाऱ्यांचं 'अ पॅटर्न लँग्वेज' 1977 मध्ये आलं. त्यात एकूण 253 पॅटर्न आहेत, शहराच्या आखणीपासून ते खिडकीजवळच्या बैठकीपर्यंत. त्यातला एक पॅटर्न चक्क जाड भिंतींचा आहे. भिंत एवढी जाड असावी की माणसाला तीत कोनाडे, कपाटं, बसायच्या जागा करता याव्यात आणि घर त्याच्या राहण्याप्रमाणे घडत जावं, असा त्याचा साधारण अर्थ. हे मी नोकरीला लागल्यावर हौसेने वाचलं होतं, आणि ज्या भिंतीत बसून मी मोठा झालो ती त्या वेळी आठवलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी टाइल्स बघायला म्हणून मेहकरला निघालो आणि पोचलो लोणारला. छोटीचा हट्ट. लोणारला सगळे जातात ते विवरासाठी, उल्का पडून बेसाल्ट खडकात झालेला पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा आणि त्यातलं खारं पाणी. 2020 च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं तेव्हा फॉरवर्ड तुम्हालाही आले असतील. आम्ही तिकडे न वळता गावातल्या दैत्यसूदन मंदिरात शिरलो. हेमाडपंती म्हणतात तसलं, चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं. आराखडा ताऱ्यासारखा, त्यामुळे बाहेरची भिंत सतत आत-बाहेर दुमडत जाते आणि भर उन्हातही तिच्या कुठल्या ना कुठल्या घडीत सावली असते.

आत गेल्यावर काही म्हणजे काही दिसेना. मी सवयीने मोबाइलचा टॉर्च लावला तर छोटीने हातावर चापटच मारली. "थांब ना जरा." थांबलो. मिनिट-दीड मिनिट गेलं असेल. मग आधी खांबांच्या कडा दिसल्या, मग हळूहळू वर छतातलं कोरीवकाम दिसायला लागलं, एकेक आकृती जणू आत्ताच कुणी आणून लावतंय. याआधी दोनदा आलो होतो तेव्हा टॉर्च मारून फोटो काढून बाहेर पडलो होतो, त्यामुळे हे कधी घडलंच नव्हतं. छोटी तिथे फार बोलली नाही. फोटो तर एकही काढला नाही. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "बोर्डवरचं सगळं दिसायला कसंय ते मला माहितीये. आत बसल्यावर कसं वाटतं ते यातल्या एकाही घराचं माहीत नाही." टाइल्स अर्थातच राहिल्या.

रात्री ओसरीवर तिने विषय काढला. माजघर ठेवू या का?

मोठे बाबा शांतपणे तंबाखू मळत होते. "बाई, तुले फोटो काढाले चांगलं वाटते. आषाढात रातच्याले उठून घमेले कोन मांडते? अन् तुह्या भावाचं लगन करा लागते. पोरीवाले आले का पह्यले छत पाह्यतात." मग जरा थांबून, "तुह्या मायनं तीस वर्स हे घर सारवलं. तिले इचार."

याला काय उत्तर देणार? जुन्या घरांवर हळहळणारे लेख लिहिणाऱ्यांत (मीही आलोच) शेण कालवणारा हात सहसा कुणाचा नसतो.

मोठी आई आतून म्हणाली, "मले माजघर ठेवा, बाकी काय करा थे करा. पन खाली फरशी टाका."

छोटीने मोबाइल काढला, पण या वेळी बोर्ड नाही. बुर्किना फासोमधल्या गांडो गावची शाळा. फ्रान्सिस केरे त्याच गावचा, जर्मनीत शिकला, आणि 2001 मध्ये गावासाठी ही शाळा मातीच्या विटांत बांधली. सिमेंटची हवी असणाऱ्या गावाला त्याने आधी समजावलं. गंमत छतात आहे. वर्गावर विटांचं छत, त्याला फटी, आणि त्याच्या बरंच वर, अधांतरी, पत्रा. पाऊस पत्रा झेलतो आणि गरम हवा मधल्या मोकळ्या जागेतून निघून जाते. 2022 मध्ये केरेला प्रित्झकर मिळालं, आपल्या बाळकृष्ण दोशींना मिळालं त्यानंतर चार वर्षांनी. पुरस्काराचं ऐकून मोठे बाबा ढिम्म. पत्र्याचं मात्र दोनदा विचारलं. "मातीवर पानी पडतच नाई म्हनतं?" "नाही पडत." "मंग दर साली माती टाकाचं काम नाई." "नाही." "हं."

त्या "हं"वर दोन दिवस काढले. मिस्त्री आधी हसला, मग लोखंडी अँगलचा खर्च काढू लागला. माजघराची लाकडं एकेक ठोकून पाहिली, त्यातली तीन बदलावी लागतील. शेवटी ठरलं ते असं. पुढच्या दोन खोल्या आणि मागची मोडलेली पाडून तिथे स्लॅब. माजघर तसंच, वर दोन-तीन फूट उचलून पत्रा, खाली शहाबादी फरशी. स्लॅबवर टाइल्सचे पांढरे तुकडे. दोशींनी अहमदाबादेत 'संगाथ' या आपल्या स्टुडिओच्या कमानदार छतांवर हेच केलंय, ऊन परतवायला. दुकानदार फुटक्या टाइल्स जवळजवळ फुकट देतो हा मुद्दा मोठ्या बाबांना दोशींपेक्षा जास्त पटला :-)

एका गोष्टीवर अजून घोडं अडलंय. पत्रा आला की धाब्यातल्या त्या भोकातून ऊन येणार नाही. छोटी म्हणते बरोबर त्याच्या वर पत्र्यात पारदर्शक तुकडा बसवू, त्यासाठी तिने खडूच्या गोलांवरून उन्हाचा कोन मांडून कागदावर काढलाय. मिस्त्री म्हणतो सांध्यातून गळेल. मी पुण्याला परतलोय, आणि काल मोठ्या आईचा फोन आला होता. फरशी टाकायच्या आधी ते खडूचे गोल पुसायचे की ठेवायचे, विचारत होती.