गोकुलममधला डॅशबोर्ड

म्हैसूरला जाणारा माणूस राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन बाग एवढे पाहून, म्हैसूरपाकाचे दोन डबे घेऊन तिसऱ्या दिवशी परततो. मीही आजवर तेच करीत आले. गेल्या खेपेला मात्र तिथे पंधरा दिवस राहिले, आणि त्यांतले बहुतेक दिवस गोकुलम या एकाच वसाहतीत, तेही एका गॅरेजच्या दाराशी घालवले. कारण होते आमच्या मामांची मोटार.

गोकुलम शहराच्या वायव्येला आहे. रुंद रस्ते, गुलमोहराची झाडे, फाटकाशी रांगोळी आणि आतून येणारा फिल्टर कॉफीचा वास. पण सकाळी सहाला बाहेर पडलात तर चकित व्हाल! काखेत चटईची गुंडाळी घेतलेले जपानी, ब्राझिलियन, रशियन तरुण-तरुणी घाईघाईने निघालेले दिसतात. अष्टांग योगाचे गुरू पट्टाभि जोइस यांनी १९४८ साली शहराच्या लक्ष्मीपुरम भागात सुरू केलेली योगशाळा पुढे, २००२च्या सुमारास, गोकुलममध्ये आली आणि ही वसाहत जगाच्या नकाशावर गेली. पुणेकरांना या गावाचे ऋण वेगळे सांगायला नको. बी. के. एस. अय्यंगार कृष्णम्माचार्यांकडे शिकले ते म्हैसुरातच, आणि १९३७ साली तिथूनच पुण्याला आले.

मामा इथे आले ते नोकरीसाठी, केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत. पुढे घर बांधले आणि कायमचे म्हैसूरकर झाले. कानडी अस्खलित, पण हिशेब अजून मराठीत. १९७४ साली त्यांनी कोडगूच्या एका कॉफी मळेवाल्याकडून जुनी एमजी टीडी विकत घेतली. १९५२ची, दोन माणसांची, उघडी, लाल रंगाची. त्यावर मामी आठ दिवस बोलल्या नव्हत्या, आणि नंतर तीस वर्षे त्या गाडीतून उतरल्या नाहीत!

आज एमजी म्हटले की २०१९पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मोठाल्या गाड्या डोळ्यांपुढे येतात. मूळची एमजी म्हणजे ऑक्सफर्डचे ‘मॉरिस गॅरेजेस’. टीडी हे मॉडेल ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५३पर्यंत तयार होत होते. एकूण तीस हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. इंजिन अवघे १२५० सीसीचे, शरीराचा सांगाडा लाकडाचा. डॅशबोर्डही लाकडी फळीचाच, वर रेक्झिन चढवलेले.

दुखणे त्या फळीचेच होते. सत्तर पावसाळे आणि तेवढेच उन्हाळे सोसून रेक्झिन तडकले होते, प्लायवूडचे थर सुटून फुगले होते. मामेबहीण दहा वर्षे सांगत होती, “बाबा, हे बदलून घ्या.” मामा ऐकत नसत. कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होते, पण कोणी बोलत नसे. डावीकडच्या खणाची कड एका ठिकाणी पार झिजून खालचे कापड दिसत होते. मडिकेरीच्या घाटात, उटीच्या वळणांवर मामी तिथे हात घट्ट धरून बसत. मामी जाऊन आता पंधरा वर्षे झाली.

शेवटी निर्णय गाडीनेच घेतला. एका संध्याकाळी दिवे लावताच डॅशबोर्डमागून धूर आला. वायरींवरचे जुने सुती वेष्टन कुजून दोन तारा एकमेकींना भिडल्या होत्या. मामांनी धावत जाऊन बॅटरी सोडवली म्हणून निभावले. जुन्या काळचे अस्सल रेक्झिन सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप देऊन बनवीत. हा पदार्थ फिल्मच्या जुन्या रिळांसारखाच झटकन पेट घेतो. आता बाजारात ज्याला आपण रेक्झिन म्हणतो ते पीव्हीसीचे असते. मामा रसायनशास्त्राचे माणूस, त्यांना हे सांगावे लागले नाही. त्या रात्री जेवताना ते एवढेच म्हणाले, “उघडायला हवं.”

दुसऱ्या दिवशी मोटारींच्या गाद्या शिवणारे एक उस्ताद आले. साठीच्या घरातले, दख्खनी बोलणारे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्यांनी आधी कशालाच हात लावला नाही. नुसते पाहिले. मग मला म्हणाले, “बेटी, कागद-पेन्सिल लाओ.” प्रत्येक तार सोडण्याआधी तिला चिकटपट्टीची चिठ्ठी लागली आणि माझ्या वहीत तिचा नंबर उतरला. मी मोबाइलवर फोटोही काढून ठेवले. या गाडीत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, आजच्या गाड्यांच्या नेमके उलटे. जोडताना इथेच घोटाळा होतो, म्हणून ती ओळ वहीत मी लाल शाईने लिहिली. तेलाच्या दाबाचा काटा विजेवर चालत नाही, इंजिनातून आलेल्या बारीक नळीतले तेलच त्याला ढकलते. तापमानाच्या काट्याची केसासारखी नळी तर दुमडली किंवा तुटली की काटा संपलाच. उस्तादांनी ती तान्ह्या मुलाचा हात धरावा तशी धरून बाजूला केली.

फळी बाहेर आल्यावर मामांनी विचारले, “जुनं रेक्झिन फाडणार?”

“फाडेंगे तो नाप किसका लेंगे साब?” उस्ताद म्हणाले.

जुने आवरण अखंड निघाले तरच त्यावरून भोकांचा आणि कडांचा साचा घेता येतो. पूर्ण सकाळ ते हेअर ड्रायरने फळी कोमट करीत आणि पातळ पट्टी आत सरकवीत बसले. इंच इंच करीत दुपारी दोन वाजता कातडे सोलावे तसे सगळे रेक्झिन एका तुकड्यात निघाले. झिजलेल्या कडेसकट. मामा काही बोलले नाहीत. आत जाऊन सर्वांसाठी कॉफी करून घेऊन आले.

मग नवा प्रश्न निघाला. शेजारच्या गृहस्थांनी मंडी मोहल्ल्यातल्या ओळखीच्या कारागिराला बोलावून आणले. शिसवी लाकडात नक्षी बसवण्याचे काम ही म्हैसूरची जुनी कला, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. राजवाड्याच्या अंबाविलास महालाचे शिसवी दार हस्तिदंताने मढवलेले आहे ते आपण पाहतोच. हस्तिदंताला आता कायद्याने बंदी आहे, म्हणून निरनिराळ्या रंगांची लाकडे कापून हत्ती, मोर, देखावे बसवतात. कारागिराने नमुना दाखवला. काळसर तांबूस शिसव, तिच्यात फिकट वेलबुट्टी. खरे सांगते, मला मोह झाला. “मामा, असा डॅशबोर्ड जगात कोणाकडे नसेल!” मी म्हटले.

“म्हणूनच नको,” मामा म्हणाले. “ही गाडी साध्या घरातली. तिला पैठणी नेसवली तर ती आपल्याला ओळखेल का?”

कारागीर हसला. त्याने रागावण्याऐवजी आमच्या फुगलेल्या फळीकडे पाहिले आणि ती दुरुस्त होणार नाही, नवीच कापावी, असा मोलाचा सल्ला दिला. पाण्याला दाद न देणारे प्लायवूड त्यानेच आणून, साचा ठेवून, करवतीने भोके पाडून दिले. जाडी मूळ फळीइतकीच ठेवली, नाहीतर घड्याळांच्या पकडी बसल्या नसत्या. भोके मात्र केसभर मोठी घेतली, कारण आत दुमडणाऱ्या रेक्झिनलाही जागा हवी.

रेक्झिन चढवणे हा अर्ध्या दिवसाचा खेळ, पण श्वास रोखून पाहावा असा. फळी पॉलिश पेपरने घासून, खाचांत लांबी भरून आरशासारखी सपाट केली. लहानसा खडा राहिला तरी वरून फोडासारखा दिसतो. मग फळीला आणि रेक्झिनच्या पाठीला, दोन्हींना सोल्युशन लावले आणि बोटाला चिकटेनासे होईपर्यंत वाळू दिले. हे सोल्युशन दुसरी संधी देत नाही, टेकले की धरले. पहिला तुकडा पाव इंच तिरका गेला. उस्तादांनी तो शांतपणे ओढून काढला आणि फेकला. त्यांनी दोन तुकड्यांचे कापड मुद्दामच आणले होते.

दुसऱ्यांदा मध्यापासून सुरुवात करून तळव्याने बाहेरच्या बाजूला दाबत नेले, म्हणजे हवा कोंडत नाही. वळणांवर जरा ऊब दिली की रेक्झिन मऊ होऊन ताणले जाते. भोके सर्वांत शेवटी. मध्यावरून कडेकडे चिरा देऊन पाकळ्या केल्या आणि एकेक पाकळी मागे दुमडून चिकटवली. वर घड्याळाची चकाकती कडी बसली की चिरांचा मागमूस राहत नाही. कोपऱ्यांत त्रिकोणी तुकडा कापून काढला, म्हणजे चुण्या पडत नाहीत. एक दिवस वाळवून मग नव्या वायरी, माझी वही आणि लाल शाईची ओळ! किल्ली फिरवली. दिवे लागले, धूर नाही. तेलाचा काटा थरथरत वर चढला तेव्हा उस्तादांनी पहिल्यांदा चष्मा काढून पुसला.

जुने रेक्झिन मामांनी घडी घातले नाही, घडीवर ते मोडले असते. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून, सुती पंचात बांधून मामींच्या कपाटात ठेवले.

माझ्या परतीच्या आदल्या दिवशी सकाळी मामांनी किल्ली माझ्या हातात दिली. वय आणि डोळे यांमुळे ते आता गाडी चालवत नाहीत. “पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही,” एवढा मंत्र देऊन ते डावीकडे बसले. योगवर्ग सुटून आलेले परदेशी विद्यार्थी शहाळी पीत उभे होते, त्यांनी हात हलवले. आम्ही कृष्णराजसागराच्या रस्त्याला लागलो. वळणावर मी जरा वेगात गेले असेन. मामांचा हात नकळत खणाच्या कडेकडे गेला आणि त्यांनी ती घट्ट धरली.

“हळू,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, कडेवरून अंगठा फिरवीत, “अजून गुळगुळीत आहे. वापरू तसं होईल.”