टपावर की पाठीवर

पुण्याहून दापोलीमार्गे गुहागरपर्यंत मोटारीने जावे आणि तेथे मोटारीला विश्रांती देऊन समुद्रकाठचा मुलूख सायकलीवरून हिंडावा, हा बेत पत्नीने मांडला तेव्हा त्यात हरकत घेण्याजोगे मला काही दिसले नाही. परंतु दोन सायकली एका लहानशा मोटारीने न्यायच्या कशा, हा प्रश्न उपस्थित होताच घरातली मसलत दुकानापर्यंत पोहोचली, आणि सायकलीचे कॅरिअर निवडणे म्हणजे वस्तुतः वाटेतल्या घाटांची, झाडांची आणि धक्क्यांची आगाऊ चौकशी करणे होय, हे तेथे उभ्या उभ्या ध्यानात येत गेले.

दुकानात कॅरिअर तऱ्हेतऱ्हेचे होते. मोटारीच्या पाठीमागे ओढणीचा लोखंडी गोळा असतो त्यावर बसणारे कॅरिअर युरोपात सर्रास वापरतात, पण आपल्याकडच्या लहान मोटारींना असा गोळा बहुधा नसतोच, त्यामुळे त्याचा विचार तिथल्या तिथे बारगळला. राहिले दोन, टपावरचे आणि डिकीवर पट्ट्यांनी बांधायचे. "साहेब, टपावरचंच घ्या, डिकी मोकळी राहते आणि मागचं सगळं दिसतं," असे दुकानदार कळकळीने सांगत होता, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. समोर मांडलेला नग थुले या स्वीडिश कंपनीचा होता. एरिक थुलिन नावाच्या गृहस्थाने 1942 साली हा उद्योग काढला तो मुळी पाईक माशांचे सापळे विकण्यासाठी, ही हकीकत मला ठाऊक असल्यामुळे, माशांकडून सायकलींकडे वळलेल्या त्या कारखानदारीबद्दल कौतुक वाटले; किंमत पाहिल्यावर ते काहीसे आवरावे लागले.

तथापि किंमत हे निर्णायक कारण नव्हते. आमच्या मोटारीची उंची सुमारे दीड मीटर. तिच्यावर सायकल उभी केली की एकंदर उंची अडीच मीटरांच्या वर जाते. शिवाय सोळा किलोंची सायकल खांद्याच्याही वर उचलून खाचेत बसवायची, ती रोज सकाळ-संध्याकाळ, हे तरुणांचे काम. पाठीवरच्या कॅरिअरचे दोष निराळे. त्याचे हूक डिकीच्या पत्र्याच्या कडेला अडकले पाहिजेत, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या स्पॉयलरच्या कडेला अडकवले तर काही दिवसांतच तडा जाणार. सायकली चढवल्या की डिकी उघडत नाही. आणि सायकलीचे चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर आले तर टायर तापतो. त्यातून पत्नीच्या सायकलीला वरची आडवी दांडी नाही, तेव्हा ती कॅरिअरच्या हातांवर टांगायची कशी? सीटखालच्या नळीपासून हँडलपर्यंत बसणारी एक सुटी दांडी दुकानदाराने काढून दिली आणि पाठीवरच्या कॅरिअरवर शिक्कामोर्तब झाले.

निघण्याच्या पहाटे नंबरप्लेटची अडचण उद्भवली. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागची पाटी स्पष्ट दिसली पाहिजे, आणि दहा पावलांवरून पाहिले तर बाहेरच्या सायकलीच्या पायडलने शेवटचा आकडा नेमका झाकला होता. सायकलींची अदलाबदल केली, तोंडे परस्परविरुद्ध दिशांना केली, पायडल वर फिरवून दोरीने बांधले, तेव्हा कोठे पाटी आणि दिवे मोकळे झाले. दशम्यांचा डबा मात्र पत्नीने आधीच डिकीतून मागच्या सीटवर आणून ठेवला होता. या बाबतीत तिची दूरदृष्टी दुकानदारापेक्षाही सरस.

पौड मागे टाकून मुळशीच्या जलाशयाशी थांबलो तेव्हा वरचे पट्टे बोटभर सैल झालेले आढळले. नवा नायलॉनचा पट्टा पहिल्या तासाभरात ताण घेऊन थोडा लांबतो, म्हणून तो तेथे पुन्हा आवळावा लागतो. पुढची चाके वाऱ्याने गरगरत होती, तीही सुती नाडीने चौकटीला बांधली. मग ताम्हिणीची वळणे निर्वेध पार पडली. पुढे माणगाव, लोणेरे, गोरेगाव करीत आंबेतच्या पुलावरून सावित्री ओलांडली आणि मंडणगडच्या चढाला लागलो.

दापोलीहून हर्णै-मुरूडकडे उतरताना टपाच्या कॅरिअरविषयी जो थोडासा हुरहुरीचा अंश मनात उरला होता तो नाहीसा झाला. वाड्यांमधून जाणारी ती अरुंद वाट, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, त्यावरून वाकलेल्या आंब्याच्या फांद्या आणि मधूनमधून लोंबणाऱ्या विजेच्या तारा पाहता, टपावर सायकली असत्या तर मला दर शंभर पावलांवर उतरून मान वर करून अंदाज घ्यावा लागला असता.

परंतु पाठीवरच्या कॅरिअरनेही आपली परीक्षा दाभोळला घेतली. वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ ते धोपावे अशी मोटारी नेणारी फेरीबोट चालते. ओहोटीच्या वेळी धक्का आणि बोटीची फळी यांच्यामध्ये बराच उतार पडतो, आणि मोटारीची पुढची चाके फळीवर चढू लागताच तिची पाठ साहजिकच खाली जाते. बोटीवरचा खलाशी हात वर करून ओरडला, "काका, थांबा! सायकल घासंल!" उतरून पाहिले तर चाक आणि काँक्रीट यांच्यात वितीभरही अंतर उरले नव्हते. बाहेरची सायकल सोडवून पत्नीने ती ढकलत बोटीवर नेली, मोटार खलाशाने सांगितल्याप्रमाणे तिरकी घेतली, आणि खाडी ओलांडीपर्यंत त्याने आम्हाला कॅरिअर शक्य तितके उंच कसे बांधावे याचे पाठ दिले. हा मनुष्य दिवसभर मोटारींच्या पाठी पाहतो. त्याचे मत मी कोणत्याही जाहिरातीपेक्षा वजनदार मानतो.

धोपाव्याला उतरल्यावर त्याच्या सांगण्याप्रमाणे पट्टे सोडून कॅरिअर चार बोटे वर घेतले. गुहागरात मग वेळणेश्वर-हेदवीच्या चढउतारांवर सायकली मनसोक्त हाकल्या. मुक्कामाच्या घरी मुंबईचे एक गृहस्थ कॅरिअर न्याहाळून त्याची किंमत विचारू लागले. किंमत सांगण्याआधी मी त्यांच्या मोटारीपाशी गेलो, डिकीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवले, आणि तेथे पत्रा नसून प्लास्टिक आहे असे दिसताच त्यांच्या सौभाग्यवतींच्या सायकलीला दांडी आहे काय, अशी पुढची चौकशी सुरू केली.