बांधावरची सावर

द्राक्षं-कांद्याच्या नाशिक शहरात कापसाचा किडा काय करतो? एप्रिलमध्ये एखाद्या काटेसावरीखाली उभे राहा. लाल अंग, दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका, पोटावर पांढरे पट्टे. बऱ्याच जोड्या मागच्या टोकांनी जुळलेल्या, तशाच चालणाऱ्या. हा लाल ढेकूण. फाब्रिसियसने १७७५ सालीच त्याची शास्त्रीय नोंद केली.

आपल्या जिल्ह्यात कापूस मालेगाव, येवला, नांदगावकडे. पण ढेकणाला कापूस नको असतो, बी हवं असतं. सोंड खुपसून तो सरकीतला रस शोषतो. त्या छिद्रांतून बुरशी आणि जिवाणू शिरतात, रुईवर डाग पडतात, भाव उतरतो. बीटी कापूस २००२ मध्ये आला, पण त्यातलं विष बोंडअळीसाठी आहे. ढेकणावर ते चालत नाही.

कापूस नसेल तेव्हा तो भेंडीवर जातो. अंबाडी, जास्वंद, रानातली पेटारीही चालते. उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटली की खाली पडलेलं बी. ही सगळी एकाच कुळातली झाडं. वनस्पतिशास्त्रज्ञ सावरीचं कुळ पूर्वी वेगळं धरायचे, आता तिला याच कुळात घेतात. ढेकणाच्या यादीत ती आधीपासूनच होती.

मालेगाव तालुक्यात माझ्या मामांचा कापूस आहे आणि बांधावर एक जुनी सावर. ढेकूण तिच्यावरून येतात, म्हणून ती तोडायची असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण सावर त्याला उन्हाळ्यातले थोडे आठवडे पोसते. मामा फरदड घेतात, म्हणजे वेचणी संपल्यावरही पाणी देऊन कपाशी उभी ठेवतात. तिच्यावर ढेकणाचं कित्येक महिने भागतं, गुलाबी बोंडअळीचंही. शिवाय परसात भेंडी आहेच.

"मामा, झाडापेक्षा फरदड मोडा. पऱ्हाट्या वेळेवर उपटा," मी म्हणाले.

"आणि सोसायटीचा हप्ता? फरदडीचे दोन वेचेच तो भरतात, बाई."

यावर मला लगेच बोलता आलं नाही. झाड तोडायला पैसे लागत नाहीत, उलट लाकडाचे चार पैसे येतात. फरदड सोडायची तर घरातलं उत्पन्न जातं. कीड नियंत्रणाच्या सल्ल्यात हा हिशेब क्वचितच असतो.

तूर्त सावर उभी आहे. फाल्गुनात तिच्या फुलांवर साळुंक्यांची भांडणं चालतात. फरदडीचं आम्ही दिवाळीनंतर बोलणार आहोत, हप्त्याचा कागद समोर ठेवून.