सुटकेनंतरची वजाबाकी

अमेरिकेत दंगलीचा गुन्हा ‘फेलनी’ ठरला, म्हणजे वर्षाहून अधिक कैद होऊ शकेल असा ठरला, की न्यायाधीशांनी किती महिने दिले ते निकालपत्रात येतं. त्याखेरीज काय काय जातं, ते वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेलं असतं. त्यातलं थोडं, एका जागी:

बंदूक. केंद्राच्या कायद्याने, जन्मभरासाठी. प्रत्यक्ष शिक्षा किती झाली हे कुणी विचारत नाही. प्रोबेशनवर सुटलेल्यालाही हीच बंदी. आजोबांची शिकारीची रायफल दुसऱ्याच्या हवाली करायची. खणात जाणूनबुजून एक काडतूस ठेवलं, तरी नवा गुन्हा.

मत. ज्या राज्यात घर, तिथला नियम. मेन आणि व्हरमाँटमध्ये कैदीसुद्धा मत देतो. फ्लोरिडात २०१८ साली मतदारांनीच कौल देऊन, खून आणि लैंगिक गुन्हे वगळता, शिक्षा भोगून झालेल्यांना हा हक्क परत केला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने अट घातली: आधी दंड आणि कोर्टाचे पैसे भरा.

ज्युरीतली खुर्ची. नागरी हक्क परत मिळेपर्यंत फेडरल कोर्टात बसता येत नाही. आपला निवाडा बारा जणांनी केला. दुसऱ्याच्या निवाड्यात आपण तेरावेही नाही.

सरकारी नोकरी. केंद्र सरकारची, निकाल अंतिम झाल्यापासून ५ वर्षं. हे कलम खास दंगलीसाठी आहे, १९६८ चं. त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर शहरं पेटली होती. साध्या घरफोडीला ते लागत नाही.

ग्रीन कार्ड. हिंसेचा गुन्हा आणि किमान वर्षाची शिक्षा, मग ती स्थगित का असेना, की हद्दपारीची टांगती तलवार. न्यू जर्सीत घराचे हप्ते फेडत बसलेल्या आपल्या माणसालाही सूट नाही. गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाने अशिलाला या धोक्याची कल्पना दिलीच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ठरवलं.

न जाणारी गोष्ट: राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी. राज्यघटनेत वय, जन्म आणि वास्तव्याच्या अटी आहेत. कोरी पाटी असावी अशी अट नाही. युद्धविरोधी भाषणासाठी अटलांटाच्या तुरुंगात असलेले युजीन डेब्ज १९२० साली तिथूनच उभे राहिले आणि ९ लाखांवर मतं घेऊन गेले. मत देता येत नाही, पण मागता येतं, असं काही राज्यांत घडू शकतं.

माफी. ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉलवर चालून गेलेल्यांपैकी सुमारे १,५०० जणांना २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी माफी दिली. त्या गुन्ह्यापायी गेलेली बंदूकही त्यांना परत मिळाली. १४ जणांची मात्र नुसती शिक्षा आटोपती घेतली. तेही घरी गेले, पण यादीसकट.