पसंतीचा पिसारा

‘सुगरण’ या नावात मराठी भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. झाडाच्या फांदीला लोंबणारा तो देखणा खोपा मादी विणीतच नाही, विणतो नर. मादी येते ती परीक्षक म्हणून. खोपा अर्धाअधिक झाला की ती आत शिरून तपासणी करते. पसंत पडला तर संसार, नाही तर शेजारचा खोपा. डॉ. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे हा व्यवहार बारकाईने निरखला. होकार मिळताच नर त्या खोप्याची प्रवेशनळी पुरी करतो आणि लागलीच दुसरा खोपा विणावयास घेतो. (त्याच्या एकनिष्ठेविषयी न बोललेलेच बरे!) विणीच्या दिवसांत त्याच्या माथ्यावर पिवळाधमक मुकुट असतो, एरवी नर आणि मादी दोघेही चिमणीसारखे साधे दिसतात.

हा साज येतो कोठून? मोराचे पीस पाहिले की आपल्याला अस्वस्थ व्हायला होते, असे डार्विनने १८६० साली आसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला कळविले होते. जगण्याच्या धडपडीत एवढे अवजड सौंदर्य टिकावेच कसे? त्याचे सविस्तर उत्तर त्याने १८७१ साली दिले: माद्या निवड करतात म्हणून. ते पुष्कळांना रुचले नाही. उत्क्रांतीच्या विचारात त्याचा सहप्रवासी असलेल्या वॉलेसनेही मादीच्या आवडीला एवढा मान देण्यास नकार दिला.

पुढे १९३० साली रोनाल्ड फिशरने हे गणित उलगडले. लांब शेपटी आवडणाऱ्या मादीचे मुलगे बापाची शेपटी घेतात आणि मुली आईची आवड. दोन्ही वारसे एकाच घरट्यातून निघतात आणि पिढ्यान् पिढ्या एकमेकांना पुढे रेटीत राहतात. शेपटीचे ओझे जिवावर उठू लागले, की मगच ही वाढ थांबते.

माल्टे अँडरसन या स्वीडिश संशोधकाने केनियात याची परीक्षाच घेतली. तेथे सुगरणीच्या कुळातला एक काळा पक्षी आहे. नराची शेपटी सुमारे अर्धा मीटर लांब. अँडरसनने काही नरांच्या शेपट्या कापल्या आणि ती पिसे दुसऱ्यांच्या शेपटीला डिंकाने जोडली. तुलनेसाठी काहींची शेपटी कापून पुन्हा तेवढीच जोडली. १९८२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: जोडशेपटीवाल्यांच्या हद्दीत माद्यांनी सर्वांत अधिक नवी घरटी मांडली. म्हणजे निसर्गाने दिली त्याहूनही लांब शेपटी त्यांना हवीच होती!

पक्ष्यांवरून माणसांना धडे देऊ नयेत, हे मला कळते. तरीही हे वाचताना मला माझी आजी आठवली. तिचे लग्न वडीलधाऱ्यांनी ठरविले, चर्चमध्ये तीन रविवार त्याची घोषणाही झाली. पण ‘तुला हा पसंत आहे का?’ असे तिला कोणी विचारले नाही. तिच्या संमतीचा पहिला प्रश्न विचारला तो वेदीपुढे धर्मगुरूंनी, सारा गाव नटूनथटून मागे उभा असताना. त्या घटकेला ती ‘नाही’ कशी म्हणणार होती?

माझ्या मुलीने आजवर दोन स्थळे नाकारली. दुसऱ्या वेळी घरात बरीच कुरबुर झाली; मुलाची नोकरी उत्तम होती, घर स्वतःचे होते. आता तिसरे आले आहे. दोघे दोनदा भेटले. ती अजून काही बोललेली नाही आणि मीही तिला उत्तराची घाई केलेली नाही.