वेगाची खतावणी

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला आणि दोन बाजारपेठांमधील अंतर घड्याळावर मोजले जाऊ लागले. सुमारे ९५ किलोमीटरच्या या मार्गावर जुलै २०२४ पासून त्या घड्याळाचा हिशेब यंत्राचे डोळे ठेवीत आहेत.

कॅमेरा केवळ चित्र टिपतो. ते वाचण्याचे काम संगणकाचे. चित्रातून तो प्रथम वाहन वेगळे काढतो, मग नंबरप्लेट शोधतो आणि तिच्यावरील अक्षरे व अंक ओळखतो. तोच क्रमांक पुढच्या कॅमेऱ्यापाशी पुन्हा दिसला, की मधले अंतर आणि लागलेला वेळ यांचा भागाकार तेवढा उरतो. दहा किलोमीटर पाच मिनिटांत कापणाऱ्याचा सरासरी वेग ताशी १२० ठरतो. कॅमेरा दिसताच ब्रेक दाबण्याची चतुराई या गणितापुढे चालत नाही.

अर्थात यंत्रही चुकते. मळलेल्या पाटीवरील शून्याचा 'ओ' किंवा आठाचा 'बी' होऊ शकतो. बनावट क्रमांकाचा दंड निरपराध मालकाच्या नावे पडू शकतो. म्हणून बँकेचा उतारा तपासावा तसे चलनावरील छायाचित्र, स्थळ आणि वेळ तपासावी, आणि नोंद चुकीची असल्यास मुदतीत तक्रार करावी.

परंतु नोंद खरी असेल तर? मालवाहतुकीच्या एका पेढीत ट्रकच्या वेगाची चलने येऊ लागली, तेव्हा तरुण मालकाने दंड चालकाच्या पगारातून वळता केला. थोरल्या काकांनी ती चलने माल रवानगीच्या वहीशेजारी ठेवली. ज्या दिवशी गोदामातून गाडी उशिरा सुटली आणि ग्राहकाला मात्र नेहमीचीच वेळ कळवली गेली, नेमके त्याच दिवशी दंड झाला होता. ऐंशीऐवजी पंचाण्णवचा वेग धरला, तरी साऱ्या मार्गावर फार तर अकरा मिनिटे वाचतात. तेवढ्यासाठी एका संसाराचा कर्ता माणूस पणाला लागत होता. कापलेली रक्कम चालकाला परत मिळाली, आणि उशीर झाल्यास ग्राहकाला तसे आधीच कळविण्याचा नियम पेढीने केला.

यंत्र वेगाची नोंद ठेवते. तो वेग कोणाच्या घाईतून आला, हे त्याला दिसत नाही. ती रक्कम कोणाच्या खाती मांडायची, हे पेढीनेच ठरवायचे असते.